गर्भातल्याचे गाव

माणसाला आपले आईबाप निवडता येत नाहीत, तसे आपले गावही निवडता येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण या दोन गोष्टी सारख्या नाहीत. आईबाप कोणीच निवडलेले नसतात. गाव मात्र कोणीतरी निवडलेले असते. बहुधा दोन माणसांनी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, पगाराचा आकडा आणि घरभाड्याचा आकडा कागदावर मांडून. त्या वेळी घरातली बाई गरोदर असेल, तर त्या बैठकीला एक तिसरा माणूसही हजर असतो. त्याला बोलता येत नाही, त्याला कोणी विचारत नाही. आणि तरीही त्या गावाचे नाव जन्माच्या दाखल्यापासून पुढे जन्मभर त्याच्यामागे लागणार असते. या तिसऱ्या माणसाचा त्या निर्णयात काही हक्क असतो का, आणि असला तर तो कसला, एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

हा प्रश्न मांडण्याचा अधिकार मला दोन नात्यांनी पोचतो. पहिले नाते हे की, मी स्वतः असा तिसरा माणूस होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा माझे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. जुने मध्य प्रदेश राज्य दुभंगले. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. फाजलअली आयोगाने राजधानीसाठी जबलपूर सुचवले होते. मान मिळाला भोपाळला. राज्याबरोबर टेबल-खुर्च्यांची, दप्तरांची आणि माणसांचीही वाटणी झाली, आणि वडिलांचे नाव भोपाळच्या यादीत आले. आईला तेव्हा सातवा महिना होता. १९५७ च्या जानेवारीच्या शेवटी मी भोपाळात जन्मले.

दुसरे नाते माझ्या भाचीचे. ती पुण्यात असते, तिला पाचवा महिना आहे, आणि तिच्या नवऱ्याला अमेरिकेच्या मध्यभागात, आयोवा राज्यातल्या एका लहानशा शहरात नोकरी मिळाली आहे. चोहोकडे मक्याची शेते, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ, आणि ओळखीचे कुत्रेही नाही. सासरचे म्हणतात, बाळंतपण इथे उरकून मग जा. नवरा म्हणतो, आत्ताच चल. तिने मला विचारले, "मावशी, आई म्हणते बाळासाठी थांब. हे म्हणतात बाळासाठी चल. बाळाचं नेमकं म्हणणं काय असेल गं?" प्रश्न हसत हसत विचारलेला होता. मला मात्र तो हसण्यावारी नेता आला नाही.

आपल्या परंपरेचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलटकरणीने माहेरी यावे. सातव्यानंतर लांबचा प्रवास करू नये. आमची आजी तर म्हणायची, भरल्या पोटी बाईने मोठी नदी ओलांडू नये. आणि नागपूरहून भोपाळला जायचे म्हणजे इटारसी सोडल्यावर होशंगाबादेत नर्मदाच ओलांडायची! आजीचा विरोध केवळ शकुन-अपशकुनाचा नव्हता. महालात तिच्या माहितीची सुईण होती, विहिरीचे पाणी ओळखीचे होते, बाळंतशेपा आणि डिंक कोणाकडचा चांगला हे तिला पाठ होते, आणि रात्री दोन वाजता कडी वाजवली तर कोणकोणती दारे उघडतील याचा हिशेब तिच्या मनात तयार होता. जुन्या बायकांचे पुष्कळसे नियम असे असतात. वरून धर्म दिसतो. आत पाहावे तर चोख व्यवहार असतो.

पण गंमत अशी की, हीच परंपरा गरोदर बायकांच्या स्थलांतराच्या कथांनी भरलेली आहे. सीता वनात वाल्मीकींच्या आश्रमात गेली ती गर्भवती असताना. देवकीचा सातवा गर्भ तर योगमायेने पोटातून काढून गोकुळात रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला. म्हणून बलरामाचे नाव संकर्षण, म्हणजे ओढून नेलेला. येथे आई जागच्या जागी राहिली आणि मुलानेच स्थलांतर केले. इतिहासात यायचे तर दख्खनच्या धामधुमीत जिजाबाईंना शिवनेरीच्या आश्रयाला ठेवले गेले, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जन्मले ते त्या गडावर. म्हणजे परंपरेचा कौल "हलू नये" असा सरसकट नाही. "कारण असल्यावाचून हलू नये" असा आहे.

मग प्रश्न कारणाचा येतो. जिजाबाई शिवनेरीवर राहिल्या ते जिवाच्या सुरक्षिततेसाठी. माझे आईवडील भोपाळला आले ते पोटासाठी. माझी भाची आयोवाला जाईल ती पोटासाठी नव्हे, कारण पुण्यातही तिचे पोट भरतेच आहे. ती जाईल ती अधिक चांगल्या जगण्याच्या आशेने. जीव, पोट आणि आशा, अशी ही उतरती भाजणी आहे, आणि तिच्यात जसजसे खाली यावे तसतसे कारण मुलाचे कमी आणि आईबापांचे अधिक होत जाते. यात वाईट काही नाही. आशा बाळगणे हा गुन्हा नव्हे. पण नेमके येथेच एक लबाडी शिरते. कारण जितके अधिक आपले, तितके ते मुलाच्या नावावर टाकण्याचा मोह अधिक. "आम्ही काय, कुठेही राहिलो असतो, पण म्हटलं, मुलाचं कल्याण होईल."

हे वाक्य उच्चारताना कोणाला ते खोटे वाटत नाही. पण विचार करा, त्याचा परिणाम काय होतो? मूल जन्माला येते तेच कर्ज घेऊन. त्याने मागितलेले नाही, त्याने सही केलेली नाही. पण वहीत त्याच्या नावावर एक मोठी रक्कम पडलेली असते : नागपूर सोडले, आजी सोडली, भाषा सोडली, सगळे तुझ्यासाठी. पुढे परीक्षेत गुण कमी पडले की ती वही उघडते. परजातीत लग्न केले की उघडते. मुलगा आणखी दूर निघाला की तर व्याजासकट उघडते. भोपाळात, इंदुरात आणि अमेरिकेतही मी अशी घरे पाहिली आहेत, जेथे स्थलांतराची किंमत आईबापांनी मोजली आणि पावती मुलाच्या नावावर फाडली.

या बाबतीत मी भाग्यवान. कॉलेजात असताना आपण नागपुरात वाढलो असतो तर आपले मराठी किती चांगले झाले असते, अशी चुटपूट मला लागली होती, आणि एकदा मी ती आईला बोलून दाखवली. वाटले, आई म्हणेल, तुझ्यासाठीच तर आलो इथे. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही गं आले. माझ्यासाठी आले. चौदा माणसांच्या घरात मला श्वास घ्यायला जागा नव्हती, अन् तुझ्या बाबांवाचून राहायचं नव्हतं. तू पोटात होतीस म्हणून बरोबर आलीस." एवढे बोलून तिने पोळी तव्यावर टाकली.

ऐकताना क्षणभर मी खट्टू झाले. आज वाटते, कोणत्याही आईने आपल्या मुलाला याहून मोठी मोकळीक दिली नसेल. त्या दिवसापासून भोपाळ हे माझ्यावरचे कर्ज राहिले नाही, गाव झाले. आवडो न आवडो, त्याच्याशी माझे नाते सरळ माझे. स्थलांतराच्या नीतीचा पहिला नियम मी त्या पोळपाटापाशी शिकले : आपला निर्णय आपल्या खात्यावर मांडावा.

पण येथे एक चतुर माणूस म्हणेल, "ठीक आहे. निर्णय आईबापांचा, मग गर्भातल्याचा हक्क संपला!" तसेही नाही, आणि हे का नाही ते नीट पाहिले पाहिजे.

डेरेक पारफिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण कोडे घातले आहे. (या पारफिटचा जन्म चीनमधल्या चेंगडूचा, आईवडील डॉक्टर म्हणून तिकडे गेलेले. आईबापांच्या बिऱ्हाडाबरोबर तान्हेपणीच देश बदललेला हा माणूस!) कोडे थोडक्यात असे. समजा, एका जोडप्याने मूल होण्याआधीच गाव बदलले आणि मग वर्ष-दोन वर्षांनी त्यांना मूल झाले. ते मूल पुढे तक्रार करू शकेल का, की तुम्ही जुन्या गावातच राहिला असता तर माझे बरे झाले असते? नाही. कारण ते तेथेच राहिले असते तर दुसऱ्या वेळी, दुसराच गर्भ राहिला असता, आणि दुसरेच कोणी जन्मले असते. तक्रार करणारा हा माणूस मुळात नसताच. ज्या निर्णयामुळे आपण अस्तित्वात आलो, त्याच निर्णयाने आपले नुकसान झाले असे कसे म्हणावे?

या कोड्यावर गेली चाळीस वर्षे वाद चालू आहे. मला त्याचा एक बारीक कंगोरा महत्त्वाचा वाटतो, आणि तो गरोदर बाईच्या प्रवासाशी थेट संबंधित आहे. गर्भ राहिल्यानंतर गाव बदलले तर हे कोडे लागू पडत नाही. आता माणूस ठरलेला आहे. नागपुरात जन्मली असती तरी मीच जन्मले असते आणि भोपाळात जन्मले तीही मीच. दोन आयुष्ये, पण ज्याची ती व्हायची तो माणूस एकच. म्हणून त्यांची तुलना करता येते, आणि तुलना करता येते म्हणून हिशेबही विचारता येतो. गरोदरपणाचे नऊ महिने असे विचित्र आहेत. त्याआधी विचारायला कोणी नसते, त्यानंतर मूल निदान रडून तरी सांगते; या मधल्या काळात माणूस हजर असतो आणि आवाज नसतो. जबाबदारी सर्वांत जड होते ती याच काळात.

गर्भातून मत मांडणारा आपल्या पुराणांत सापडतो, तो अष्टावक्र. बापाचे पाठांतर चुकते आहे असे त्याने आईच्या पोटातून सांगितले, आणि बापाने शाप देऊन त्याला आठ ठिकाणी वाकडा केला. न जन्मलेल्याचे मत ऐकून घ्यायला वडीलधारे किती उत्सुक असतात, हे त्यावरून कळावे!

कायदा या बाबतीत पुराणातल्या बापापेक्षा शहाणा निघाला. आमचे बिऱ्हाड हलले त्याच १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात असे कलम आहे की, मृत्युपत्र न करता माणूस वारला तेव्हा जे मूल गर्भात असेल आणि पुढे जिवंत जन्मेल, त्याला आधीच जन्मलेल्या भावंडांइतकाच वारसाहक्क मिळेल. म्हणजे आजोबांच्या शेतात गर्भातल्याचा वाटा कायदा राखून ठेवतो. शेताचा वाटा राखता येतो, तर मग गावाचा का नाही? आणि गावातला वाटा म्हणजे तरी काय? माझ्या मते तो तीन गोष्टींचा असतो : निर्धास्त श्वास, भाषा, आणि माणसे.

श्वासाचे आधी बोलू, कारण हे भोपाळ आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे राज्य सरकारने ३,७८७ मान्य केला, आणि नंतर मेलेल्यांची गणती त्याहून कितीतरी मोठी आहे. कारखान्यालगतच्या वस्त्यांतली, जयप्रकाश नगर-छोल्याकडची माणसे कोण होती? बरीचशी माझ्या आईवडिलांसारखीच : पोटासाठी गाव सोडून राजधानीत आलेली. राज्याने शहरातल्या भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला तोही १९८४ सालीच. म्हणजे कित्येकांना आता कुठे वाटू लागले होते की, हे आपले गाव. त्यांच्यात गरोदर बायका होत्या. पुढे वायू लागलेल्या ३,२७० कुटुंबांची पाहणी झाली. त्यांत त्या रात्री ८६५ बायका गरोदर होत्या, आणि त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांना जिवंत मूल झाले नाही.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात आलेला प्रश्न असा : त्या बायकांनी आपल्या पोटातल्या मुलाला धोक्याच्या गावी आणले, असे कोणी म्हणू शकेल का? दगडाच्या काळजाचा माणूसही म्हणणार नाही. का नाही म्हणणार? कारण त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत करून घेण्याची सोय नव्हती. भिंतीपलीकडच्या टाक्यांत काय आहे, ते सुटले तर काय करावे, तोंडावर ओले फडके धरावे एवढे साधे ज्ञानही वस्तीला कोणी दिलेले नव्हते. ज्यांना माहीत होते ते बोलले नाहीत. येथे नीतीची वाटणी स्वच्छ होते. नव्या गावी येणाऱ्याची जबाबदारी, जेवढे कळू शकते तेवढे विचारून घेण्याची. गावाची जबाबदारी, जे ठाऊक आहे ते येणाऱ्याला सांगण्याची. पहिली चुकली तर आईबापांना बोल लावा. दुसरी चुकली तर बोल आईबापांचा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९९१ च्या निर्णयात ४७ कोटी डॉलरची तडजोड कायम ठेवली, तेव्हा त्यात एक गोष्ट नमूद केली. ज्यांना वायू लागला पण लक्षणे दिसलेली नाहीत अशा सुमारे एक लाख लोकांसाठी किमान आठ वर्षांच्या वैद्यकीय विम्याची तरतूद करायला सांगितले, आणि त्यात वायू लागलेल्या मातांच्या अजून न जन्मलेल्या, पुढे जन्मजात व्याधी दिसू शकेल अशा मुलांचाही विचार केला. तडजोडीबद्दल कोणाचे काहीही मत असो. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने न जन्मलेल्याला या गावाचा नागरिक धरले, हे मला मोठे वाटते. आणि विषालाही पाय असतात हे विसरू नये. कारखान्यातला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये भोपाळहून पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी तेथे जाळला गेला. नेऊ नका म्हणून पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले होते. तेथेही गरोदर बायका राहतात. आपल्या गावातले विष दुसऱ्याच्या गावी पाठवणे हे बिऱ्हाड हलवण्याइतके साधे काम नव्हे, एवढे तरी भोपाळकराने जाणावे.

दुसरा वाटा भाषेचा. १९५६ सालच्याच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांचे नकाशे बदलले, आणि त्याच दुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम घातले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. एका हाताने गाव बदलले, दुसऱ्या हाताने भाषेची शिदोरी बांधून दिली, असे म्हणायला हरकत नाही. पण कलमाने शाळा काढता येते, घरातले बोलणे राखता येत नाही. तात्या टोपे नगरच्या ज्या सरकारी क्वार्टरांत मी वाढले, तेथे मराठी होती ती उंबरठ्याच्या आत. (तात्या टोपे येवल्याचे, पण त्या नगरात त्यांचे नाव "टी. टी." एवढेच उरले!) उंबरठ्याबाहेर हिंदी, आणि जुन्या शहरात गेले की "को खाँ" म्हणून हाक मारणारी लाघवी भोपाली उर्दू. आज माझी नातवंडे माझे मराठी समजतात आणि हिंदीत उत्तर देतात.

हे नुकसान झाले का? झाले, हे मान्य केले पाहिजे. मराठीतले जे बारीक चिमटे, जे ओवीतले आणि उखाण्यातले शहाणपण माझ्या नागपूरच्या मावसबहिणींना आपोआप मिळाले, ते मला पुस्तकातून शोधावे लागले. पण अन्यायही झाला का? तो मात्र नाही. नुकसान आणि अन्याय यांत फरक आहे. दोन वाटांपैकी एकीवर चालले की दुसरीवरची फुले मिळत नाहीत, हे नुकसान. अन्याय तेव्हा झाला असता, जेव्हा आईबापांनी जी शिदोरी सहज देता आली असती तीही दिली नसती. "इथे काय उपयोग मराठीचा" म्हणून घरातही बंद केली असती. न जन्मलेल्याचा भाषेवरचा हक्क "मला त्या गावी ठेवा" असा नसतो. "तुमच्याजवळ आहे ते माझ्यापासून लपवू नका" असा असतो. अभिमन्यूची गोष्ट मला याच अर्थाने खरी वाटते. पोटातल्याने अर्धे ऐकले आणि पुढचे कोणी सांगितलेच नाही. चक्रव्यूहात त्याला मारले ते शत्रूंनी, हे खरे. पण अर्धवट शिदोरी घेऊन तो आत शिरला, हेही खरेच.

तिसरा वाटा माणसांचा, आणि आजीच्या हिशेबात तोच पहिला होता : रात्री दोनला कोणते दार उघडेल? राजधानी झाली तेव्हा भोपाळात क्वार्टरांचा दुष्काळ होता. साडेचार लाख वस्तीच्या नागपुरातून लाखभर वस्तीच्या गावात माणसांचे लोंढे आले. आमचे पहिले बिऱ्हाड शहाजहानाबादेत एका विधवा मुसलमान बाईच्या घरातल्या खोलीत होते. आई तिला "खाला" म्हणे आणि ती आईला "दुल्हन". आईला हिंदी धड येत नव्हते, खालाला मराठीचा गंध नव्हता. पण रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा खालाने टांगा आणवला, आईला सुलतानिया जनाना इस्पितळात नेले, आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. नागपूरहून आजीचे डिंकाचे लाडू पोचायला आठवडा लागला. तोवर आईने खालाचा हरीरा प्यायला. पुढे आजी आली, तिने खालाच्या हातचे पाणी आधी घेतले नाही, मग घेतले, आणि जाताना तिला खणा-नारळाने ओटी भरू का म्हणून विचारून आईला पेचात टाकले! विधवेची ओटी भरत नाहीत हा नियम आजीला ठाऊक नव्हता असे नाही. पण उपकार एवढे मोठे असले की नियमाला बाजूला सरकून बसावे लागते.

एका गोष्टीकडे येथे लक्ष वेधायचे आहे. आजीचा नियम मोडला गेला, पण नियमातला व्यवहार मोडला गेला नाही. रात्री दोनला दार उघडले. फक्त ते वेगळ्याच गल्लीत, वेगळ्याच भाषेत उघडले. आणि ते आपोआप उघडले नाही. आईने दोन महिने त्या दाराशी बसून डाळ निवडली होती, एकमेकींचे शब्द विचारले होते, खालाच्या चाळिशीतून सुई ओवून दिली होती. नव्या गावी माणसे मिळत नाहीत, करावी लागतात. आणि गरोदर बाईजवळ ती करायला दोन-चारच महिने असतात.

भाचीला मी हेच लिहिले. लिहिले की, अगं, बाळाचे म्हणणे जा असेही नाही आणि राहा असेही नाही. तू आणि जावई मिळून ठरवा आणि "आमच्यासाठी ठरवले" असे म्हणा. उद्या बाळालाही तसेच सांगा. जायचे तर विमानाला उशीर करू नकोस. महिने भरत आले की विमानवाले घेत नाहीत, आणि डॉक्टरला विचारल्यावाचून पाऊल उचलायचे नाही. तिथले पाणी, हवा, इस्पितळ किती मैलांवर, विम्यात बाळंतपण धरले आहे की नाही, हे लाजू नकोस, विचार. ज्या गोष्टी कळू शकतात त्या कळून घेणे हा बाळाचा पहिला वाटा आहे. घरात मराठी बोला, तक्रार म्हणून नव्हे, गप्पा म्हणून. आणि पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारचे एक तरी दार वाजव. काहीतरी मागायला जा, द्यायला नको. मागितले की माणूस लवकर जवळ येतो. तिचे उत्तर अजून यायचे आहे. ते काहीही आले तरी ते तिचेच असेल.

शेवटी एक गोष्ट, खास या अंकाच्या वाचकांसाठी. आपण सीमेवरच्या जिल्ह्यांतली माणसे. गाव सोडले तर भाषा जाते, गाव धरले तर भाषा राहते, असे इतरांना वाटू शकेल. आपल्याला तसे वाटून घेता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री मुलताईत किंवा पांढुर्ण्यात जी बाई गरोदर होती, ती हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा असलेल्या राज्यात निजली आणि सकाळी हिंदी राज्यात उठली. तिने सामान बांधले नाही, नदी ओलांडली नाही, गाडीत पाऊल ठेवले नाही. गावच तिच्या पायाखालून निघून दुसऱ्या राज्यात गेले. तिच्या पोटातल्याचेही स्थलांतर झालेच. फक्त तिकीट काढले नव्हते.

म्हणून "थांबलो म्हणजे राखले" हाही भ्रम आणि "गेलो म्हणजे मिळवले" हाही. येणारे मूल आपल्याकडे नकाशावरची जागा मागत नाही. ते मागते ते एवढेच, की जेथे कोठे ते डोळे उघडेल तेथे हवा श्वास घेण्याजोगी असावी, कानावर येणारे शब्द कोणीतरी मनापासून उच्चारलेले असावेत, आणि मध्यरात्री दार वाजवले तर ते उघडणारे एक माणूस जवळपास असावे. हे तिन्ही ज्यांनी दिले, त्यांनी मुलाला गाव दिले.